फ्लोसी डेल हिला वरच्या मजल्यावरून कोणी हलवू नये

मी, एमिल यान ह्रुस्का, वय वर्षे पासष्ट, धंदा पियानो सुरात लावणे आणि रेडिओ-ग्रामोफोनची दुरुस्ती, राहणार अस्टोरिया, क्वीन्स, न्यूयॉर्क, आज शुद्धीवर असताना, कोणी दटावले नसताना आणि सकाळचा नाश्ता पूर्ण केल्यावर, माझ्या पश्चात कोणी काय करावे ते लिहून ठेवतो. माझे हृदय थकले आहे असे डॉक्टर म्हणतात. ते मला मान्य आहे. डोके आणि कान मात्र थकलेले नाहीत. डॉक्टरांच्या भिंतीवरचे घड्याळ मिनिटातून एकदा अडखळते, हे मी त्यांना दाखवून दिले. अकरा वर्षे त्याच घड्याळाखाली बसून त्यांना ते कळले नव्हते. हे माझ्या दाखल्यात लिहा, असे मी सुचवले. त्यांनी लिहिले नाही, म्हणून इथे लिहिले.

१९३१ आणि १९४८ साली केलेली माझी दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिल्यात सगळे बायकोला दिले होते. तिला ते नको होते. दुसऱ्यात सगळे मुलाला दिले होते आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईचा त्यात उल्लेखच नव्हता. म्हणून हे तिसरे. यात कलमे बरीच असली तरी काम एकच आहे. मी गेल्यावर फ्लोसीला तिच्या दोन खोल्यांतून कोणी हलवू नये.

१. माझे दहन फ्रेश पाँडच्या दहनगृहात करावे. पाद्री नको. शेजारच्या नोव्होत्नीने अकॉर्डियन आणू नये. त्याची वरची तिसरी पट्टी फाटका सूर देते, हे मी त्याला सात वर्षे सांगतो आहे.

२. हे विटांचे दुमजली घर, तळमजल्यावरचे दुकान आणि मागचे अंगण माझा एकुलता एक मुलगा रुडॉल्फ याला मिळावे. मात्र वरच्या मजल्यावरच्या रस्त्याकडील दोन खोल्या, न्हाणीघर आणि जिना यांचा वापर फ्लॉरेन्स डगन, रंगभूमीवरचे नाव फ्लोसी डेल, वय पंचावन्न, हिच्याकडे ती जिवंत असेपर्यंत राहील. तिच्याकडून भाडे मागू नये. ती तेथे असेतो घर विकू नये. रुडॉल्फने तिला हलवले, किंवा तिने आपणहून जावे अशी व्यवस्था केली (नळ बंद करणे, जिन्यात सामान ठेवणे, मेव्हण्याला राहायला आणणे), तर घर आमच्या बोहेमियन, म्हणजे चेक, मंडळाच्या व्यायामशाळेला जाईल. त्या व्यायामशाळेत रुडॉल्फला लहानपणी कोणी काय म्हणत असे, ते त्याला माहीत आहे.

हे कलम लिहिताना वकील सिडेल अडले.

“ही तुमची कोण?”

“वर राहते.”

“ते पत्त्यात आलं. नातं काय?”

“लिहायलाच हवं?”

“कायद्याला नको असतं, माणसांना हवं असतं. उद्या तुमचा मुलगा कोर्टात उभा राहून म्हणाला, ही बाई कोण, हिनं आजारी म्हाताऱ्याला फितवलं, तर न्यायाधीश पहिलं तेच बघणार. पत्नी?”

“नाही.”

“आतेबहीण? मामेबहीण?”

“ती आयरिश, मी बोहेमियन. तुम्हीच बघा कुठे जमतं का.”

“घरकामाला आहे?”

“एकदा अंडी उकडली होती तिनं. पातेलं फेकावं लागलं.”

“मैत्रीण लिहू?”

शेजारी टाइप करणाऱ्या बाईंचे यंत्र थांबले. मी तिकडे पाहिले नाही, पाहायची गरजही नव्हती.

“ते नको,” मी म्हटले.

“मग भाडेकरू लिहितो,” सिडेल म्हणाले, आणि तसे लिहिले गेले. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही.

३. प्रकरण खरेच कोर्टात गेले तर न्यायाधीशांना माहिती असावी, म्हणून पुढचे सांगतो. सिडेलच्या मते मृत्युपत्रात हे लागत नाही. टाइप करणाऱ्या बाईंच्या मते लागते.

माझे वडील यॉर्कव्हिलमध्ये घरी बसून सिगार वळत. आम्ही सगळेच वळत असू. नऊ वर्षांचा असताना तंबाखू कापायच्या सुरीने माझ्या डाव्या हाताची अनामिका अर्धी गेली. वडील म्हणाले, पाने रक्ताने भिजली. बोट अर्धे राहिले तरी कान पूर्ण होते. खालच्या मजल्यावरचा पियानो कुठे उतरला आहे, ते मी वरून सांगत असे. पुढे तेच पोटापाण्याचे साधन झाले. शाळेत मला कोणी घातले नाही.

१९२० साली मला एका रेकॉर्ड कंपनीत काम मिळाले. विजेचा मायक्रोफोन तेव्हा नव्हता. भिंतीतून एक मोठा कर्णा बाहेर आलेला असे. गाणाऱ्याने त्यात तोंड घालून गायचे आणि पलीकडे सुईने मेणाच्या थाळीवर रेघ कोरायची. सूर मोठा लागला की सुई उडायची आणि मेण वाया जायचे. सूर हळू लागला तर रेघच उमटायची नाही. म्हणून गाणाऱ्याच्या मागे एक माणूस उभा करत. त्याने दोन्ही हात गाणाऱ्याच्या कमरेवर ठेवायचे, मोठ्या सुराला मागे ओढायचे, हळू सुराला पुढे ढकलायचे. पायांत नमद्याच्या, दाबलेल्या लोकरीच्या तळाचे बूट, म्हणजे आवाज नको. त्या माणसाला ढकल्या म्हणत. मी ढकल्या होतो. कान असलेला ढकल्या दुर्मीळ. बाकीचे माना डोलवत बसायचे आणि सुई उडाली की गाणाऱ्यावर ओरडायचे.

फ्लोसी आली १९२३ च्या मार्चमध्ये. पॅटरसनच्या रेशीमगिरणीत चौदाव्या वर्षापासून काम केलेली मुलगी. मागांच्या खडखडाटात ओरडून ओरडून तिचा आवाज असा झाला होता की पहिल्याच ओळीला दोन मेणे फुकट गेली. रेकॉर्डिंगचे साहेब, मिस्टर हॅझल्टन, काचेमागून हात हलवू लागले. “आवरा हिला! हिला कोणीतरी आवरा!”

मी तिच्या मागे गेलो. ती वळली. केस कानापर्यंत कापलेले, गळ्यात गुडघ्यापर्यंत लोंबणारी मण्यांची माळ.

“तू कोण?”

“मागे उभा राहणारा.”

“कशाला?”

“तुम्हाला ढकलायला.”

“मला ढकलायला आलेल्या एकाचे दात मी पॅटरसनमध्ये पाडलेत.”

“वरचे की खालचे?” मी विचारले. ती हसली. हसणेसुद्धा सुई उडवणारे होते.

गाणे होते ‘बिली, इतक्यात घरी नको’. त्यात ‘घरी’ या शब्दावर सूर उंच चढतो. तिथे मी तिला मागे ओढायचे होते. माझे अर्धे बोट तिच्या माळेत अडकले, हात वेळेआधी आला आणि जोरात आला. ‘घरी’च्या मधोमध तिला उचकी लागली. मी हॅझल्टन साहेबांना सांगितले, हे मेण टाकून द्या. ते म्हणाले, आता दुसरे नाही, आणि दुपारची जेवणाची वेळ टळली आहे.

ती रेकॉर्ड बाजारात गेली. जूनपर्यंत न्यूयॉर्कमधली प्रत्येक आखूड केसांची मुलगी ‘घरी’ म्हणताना उचकी देत होती. माझ्या आईने ती ऐकली तेव्हा तिने एवढेच विचारले, “कोण आठवण काढतंय हिची?” आमच्यात उचकी लागली की हेच विचारतात.

४. पुढची सहा वर्षे ती गात होती आणि मी मागे होतो. ब्रॉडवेवरच्या तीन नाचगाण्यांच्या खेळांत तिची मुख्य गाणी होती, एका नाटकात ती मोलकरीण होती आणि शेवटच्या अंकात लाखाची वारसदार निघायची. प्रत्येक गाण्यात उचकी. करारातच तसे कलम घातलेले असे.

“ढकल्या,” ती एकदा रंगपटात म्हणाली, “लोक माझी उचकी विकत घेतात नि गाणं फुकट नेतात.”

“मी चुकलो होतो,” मी म्हटले.

“तू एकदा चुकलास. मला ते आठवड्यातून आठ वेळा चुकावं लागतं.”

१९२५ साली मायक्रोफोन आला. कर्णे भंगारात गेले आणि ढकल्यांना कामावरून काढले. आता कितीही मोठे गा, कितीही हळू गा, सुई उडत नाही. पहिल्या दिवशी फ्लोसी मायक्रोफोनसमोर उभी राहिली आणि तिच्या तोंडून सूर निघेना. तीन वेळा वाद्ये सुरू झाली, तीन वेळा थांबली. तिने काचेकडे पाहून ओठ हलवले, आवाज न करता. गिरणीतल्या मुली मागांच्या आवाजात अशाच बोलतात, आणि तोवर मला ते वाचता येऊ लागले होते. ती म्हणत होती, ढकल्याला बोलवा. मी बाहेर माझा टिफिनचा डबा घेऊन निघालोच होतो. परत आलो, हात ठेवले. ओढायचे काही नव्हते, ढकलायचे काही नव्हते. नुसते ठेवायचे. ती गायली.

तेव्हापासून तसेच. थिएटरात मागच्या पडद्याला चीर पाडली. ती पडद्याला पाठ टेकून उभी राही, मी पलीकडून हात घाली. प्रेक्षकांना वाटे, ही तिची ऐट आहे. करारात माझा हुद्दा ‘पोशाख सहायक’ असा लिहिला. घरी माझी बायको लुडमिला विचारी, काम काय असते? मी म्हणे, मशिनवर. ते पुरते खोटे नव्हते.

हे सगळे न्यायाधीशांनी नीट वाचावे. हात कमरेवर होते, गाणे चालू असताना होते, आणि गाणे संपले की काढले जात. याशिवाय काही नव्हते. मी हे शपथेवर लिहितो.

५. पियानोच्या किल्ल्या, सूरकाटे, पाचरी आणि बनातीच्या पट्ट्या असलेली माझी काळी पेटी कोणाला द्यायची ते नावाने लिहीत नाही. पेटीत सात सूरकाटे आहेत. त्यातला एक किंचित उतरलेला आहे. कोणता, ते ज्याला ऐकून सांगता येईल त्याला पेटी द्यावी. रुडॉल्फने प्रयत्न करायला हरकत नाही. उत्तर सिडेलकडे पाकिटात बंद आहे.

६. नमद्याच्या तळाचे बूट मिस्टर हॅझल्टन हयात असल्यास त्यांना द्यावेत. त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही माझे नाव बरोबर उच्चारले नाही. बुटांत पाय घालून बघितल्यास त्यांना कळेल की तळ पुढच्या बाजूने झिजले आहेत. हयात नसल्यास जाळावेत.

७. माझी मेव्हणी बोहुमिला हिला माझी नाटकाची दुर्बीण. तिला दुरूनही चांगले दिसते, हे मी अनुभवले आहे. ते असे.

१९२९ साली इथेच अस्टोरियात एका स्टुडिओत फ्लोसीचा बोलपट निघाला. अकरा मिनिटांचा, तीन गाण्यांचा. कॅमेऱ्यासमोर पडदा नसतो. दिग्दर्शक म्हणाला, एकटीने गा. ती सकाळपासून दुपारपर्यंत उभी राहिली, तोंड उघडायची आणि मिटायची. शेवटी बागेचा देखावा होता त्यातल्या पुठ्ठ्याच्या झुडपात मला बसवले, पानांमध्ये दोन भोके पाडली. दिवे इतके तापले होते की झुडपाचा डिंक वितळून माझ्या मानेवर पडत होता. तिसऱ्या गाण्यात शेवटच्या कडव्याला तिने अर्धे पाऊल बाजूला टाकले. माझा हात सवयीने तिच्या मागे गेला. पानांतून बाहेर आला. सेटवर कोणाच्या लक्षात आले नाही, सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते.

यॉर्कव्हिलच्या थिएटरात आमच्या मंडळाच्या बायका रविवारच्या दुपारच्या खेळाला गेल्या, तीन रांगा भरून. लुडमिला मध्ये, बोहुमिला तिच्या शेजारी. पडद्यावर झुडपातून हात आला तेव्हा लोक हसले. हसणे ओसरल्यावर बोहुमिला स्पष्ट म्हणाली:

“लुडमिला, ते एमिलचं बोट ना गं?”

तीन रांगा वळल्या. मी तिथे नव्हतो. चौघींनी मला हे सांगितले आणि चौघींचे शब्द सारखेच होते.

घरी आल्यावर लुडमिलाने माझा डावा हात टेबलावर ठेवायला लावला. बराच वेळ पाहिला. “मशीन,” ती म्हणाली, आणि बटाटे सोलायला बसली. आठ दिवसांनी ती रुडॉल्फला घेऊन बहिणीकडे राहायला गेली. रुडॉल्फ तेरा वर्षांचा होता. आमच्या बोलीत बापाला तू म्हणतात. त्या वर्षापासून तो मला तुम्ही म्हणू लागला. अजूनही म्हणतो. लोकांना वाटते, मुलगा फार संस्कारी आहे.

त्या दिवसांत मला काय वाटत होते ते इथे लिहायला हवे. आठवत नाही. शेजारच्या घरात कोणीतरी रोज संध्याकाळी पियानोवर तेच चार सूर वाजवत असे आणि त्यातला तिसरा उतरलेला होता, एवढे आठवते.

८. फ्लोसीचे पुढे थोडक्यात. झुडपातला हात वर्तमानपत्रांत गाजला. विनोदी नट तिची नक्कल करायचे आणि मागून चार-चार हात बाहेर यायचे. ती दिसली की लोक आधीच हसू लागले. हसणाऱ्यांसमोर प्रेमाचे गाणे म्हणता येत नाही. मीही जाणे बंद केले. म्हटले, मी नसलो तर हसणे थांबेल. हसणे थांबले, गाणेही थांबले. तिने सहा महिने एकटीने प्रयत्न केला, मग बफेलोकडे फिरत्या कंपनीत गेली, मग कंपनीही मोडली. १९३१ नंतर ती गायलेली नाही. एका मोठ्या दुकानात टोप्यांच्या विभागात सात वर्षे उभी होती.

१९३८ च्या मे महिन्यात दुपारी तीन वाजता दुकानाची घंटा वाजली. एक ट्रंक आणि ती.

“ढकल्या, वरची खोली द्यायची आहे असं पाटीवर लिहिलंय.”

“हो.”

“पाटीत चूक आहे. ‘खोली’तलं एक अक्षर उलटं आहे.”

“पाटी रंगाऱ्यानं लिहिली.”

“मग किती?”

मी आकडा सांगितला. तिने ट्रंक उचलली आणि वर गेली. अठरा वर्षे झाली. पहिली नऊ वर्षे तिने भाडे दिले. १९४७ साली लुडमिला वारली, त्यानंतर मी घेणे सोडले. का सोडले, असे तिने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. रविवारी ती खाली जेवायला येते. डुकराचे मांस, कोबी आणि डंपलिंग मी करतो. ती मीठ कमी आहे असे म्हणते. बरोबरच असते, पण ती म्हणते.

९. फ्लोसीच्या रेकॉर्डी, एकूण एकतीस, दुकानातल्या हिरव्या कपाटात आहेत. त्या तिला द्याव्यात. ती घेणार नाही. तरी देऊन बघावे.

१०. हे कलम मी आधीच्या मसुद्यात घातले नव्हते.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी रुडॉल्फ आला होता. तो टेलिफोनच्या खांबांवर चढणारा माणूस, म्हटले पन्हळ गळते आहे तेवढी बघ. जेवण झाले, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी मागच्या खोलीत आडवा झालो. त्यांना वाटले मी झोपलो. स्वयंपाकघराच्या आणि त्या खोलीच्या मध्ये एक पातळ भिंत आहे आणि भिंतीत पाण्याचा पाइप. माझे कान बंद करायची सोय माझ्याकडे कधीच नव्हती.

“फ्लोसी, एक सरळ विचारू?” रुडॉल्फ म्हणाला.

“सरळ विचार. वाकडं विचारलंस तर वाकडं उत्तर मिळेल.”

“तुमच्यात आणि पपांच्यात काय होतं?”

“अंतर,” ती म्हणाली. “कधी वीतभर, कधी हातभर. सूर मोठा लागला की मागे ओढायचा, हळू लागला की पुढे ढकलायचा.”

“एवढंच?”

“एवढंच. तू तुझ्या मावशीच्या घरी वाढलास, तुला काय काय ऐकवलं असेल ते कळतं मला. पण एवढंच.” ताट घासण्याचा आवाज आला. “सहा वर्षं मी वाट बघितली, की हा कधीतरी गाणं नसताना हात ठेवील.”

“मग?”

“मग काय? गाणं संपलं की हात खिशात. तुझा बाप कामाचा माणूस.”

“आईला हे सांगायचं होतंत.”

“तुझी आई आली होती माझ्याकडे. टोपीसुद्धा काढली नाही. म्हणाली, काही आहे का? मी म्हटलं, नाही. तिनं माझ्याकडे बघितलं नि म्हणाली, त्याच्याकडून नाही, ते मला ठाऊक आहे. तुझ्याकडून?”

“तुम्ही काय म्हणालात?”

“काही नाही. त्यावर तिनं दार लावून घेतलं. हळूच लावलं हं, आपटलं नाही.”

नळ ठिबकत होता. त्याचा वायसर मी बदलायचा आहे, हे माझ्या मनात आले.

“घर विकलं तर तुम्ही कुठे जाल?” रुडॉल्फने विचारले.

“पॅटरसनला भाची आहे. तिच्याकडे तीन कुत्रे आहेत नि एक नवरा.”

“मी विकणार असं म्हटलं का?”

“म्हटलं नाहीस. पन्हळ बघायला चढलास नि भिंत मोजून उतरलास. मी खिडकीत होते.”

रुडॉल्फने बशा पुसायला फडके मागितले, तिने दिले.

मी पडून राहिलो. रडू आले नाही, घाबरायला झाले नाही, छातीतही काही झाले नाही; डॉक्टर म्हणाले होते की धक्का लागला तर होईल. मी छताकडे पाहत लुडमिलाचा विचार करू लागलो. सत्तावीस वर्षे मला वाटत होते की ती माझ्या बोटावरून गेली. मग फ्लोसीचा विचार करायला घेतला आणि तो पुढे सरकेना, रेकॉर्डवर सुई एका जागी अडकते तसा. चार वाजता उठलो. मी ऐकले, हे दोघांनाही सांगितलेले नाही. रुडॉल्फ हे वाचेल तेव्हा त्याला कळेल. कळू दे.

११. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फ्लोसीला जिन्यात गाठले. ती वर्तमानपत्र घेऊन वर चालली होती.

“फ्लोसी, कागदावर तुझ्या नावापुढे काय लिहायचं?”

“कुठल्या कागदावर?”

“मृत्युपत्राच्या.”

“आत्ता काय लिहिलंय?”

“भाडेकरू.”

ती तीन पायऱ्या चढली आणि थांबली. “खोड ते.”

“खोडतो. मग काय लिहू?”

“तू नको लिहूस. मी लिहीन. तू गेल्यावर.”

“आत्ता सांगितलंस तर टाइप करून घेतो. सिडेल वाट बघतोय.”

“आत्ता लिहिलं तर तू वाचशील,” ती म्हणाली, आणि वर गेली.

तिथून मी सिडेलकडे गेलो. ते म्हणाले, कोरी जागा ठेवून कोणी मृत्युपत्र करत नाही. मी विचारले, बेकायदा आहे का? ते म्हणाले, नाव आणि पत्ता स्पष्ट आहे, खोल्या तिला मिळतील, मधल्या शब्दावर काही अडत नाही. पण मागाहून लिहिलेल्या शब्दाला कोर्टात किंमत नाही. मी म्हटले, कोर्टासाठी नाही. मग त्यांनी चष्मा काढून विचारले, “मिस्टर ह्रुस्का, नऊ वर्षं तुम्ही विधुर आहात. लग्न का नाही केलंत?”

“कोणी विचारलं नाही,” मी म्हटले.

“विचारायचं तुम्ही असतं.”

टाइप करणाऱ्या बाईंनी कागद बदलला. आता विचारावे असे म्हणाल, तर आजारी माणसाने विचारलेले कसे ऐकू जाते, ते मला चांगले कळते.

म्हणून असे ठरवतो. भाडेकरू हा शब्द रद्द. माझ्या मृत्यूनंतर या मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा म्हणून रुडॉल्फने हा कागद घेऊन वर जावे, दार वाजवावे, फ्लोसीला पेन द्यावे आणि ती लिहीपर्यंत बाहेर थांबावे. ती जे लिहील ते त्याने खोडू नये, बदलू नये, बोहुमिलाला दाखवू नये. एक शब्द असो, ओळ असो, पानभर असो. तिने शिवी लिहिली तरी ती माझ्या नावापुढे राहील. तिने काहीच लिहिले नाही तर जागा कोरीच ठेवावी. काहीही झाले तरी कलम दोन जसेच्या तसे लागू राहील आणि ती वरच राहील.

फ्लॉरेन्स डगन, ऊर्फ फ्लोसी डेल, मृत्युपत्र करणाऱ्याची \_\_\_\_\_\_\_\_\_\_\_\_\_\_\_\_\_\_\_\_\_\_\_\_

वरील मजकूर मला वाचून दाखवला. दोन ठिकाणी टाइपाची चूक होती, ती मी ऐकून सांगितली आणि दुरुस्त केली.

सही: एमिल यान ह्रुस्का

साक्षीदार:

१. मॉरिस सिडेल, वकील, स्टाइनवे रस्ता, अस्टोरिया.

२. हेलन प्रुइट, टाइपिस्ट, वुडसाइड.

आम्ही दोघे लिहून देतो की मृत्युपत्र करणाऱ्याने आमच्या समक्ष सही केली. सही करताना तो शुद्धीवर होता. त्याच्या विनंतीवरून आम्ही अशीही साक्ष देतो की सहीच्या वेळी कलम अकरामधली जागा कोरी होती. तिथे काय लिहिले जाईल असे त्याला वाटते, हे मिस प्रुइट यांनी विचारले असता त्याने थोडा वेळ थांबून ‘ठाऊक नाही’ असे सांगितले, आणि पेनाचे टोपण बरोबर लावले आहे की नाही ते दोनदा पाहिले.

अस्टोरिया, क्वीन्स, न्यूयॉर्क
मंगळवार, १६ ऑक्टोबर १९५६